तिला चहा कुणी विचारला?

चर्चा संपली होती. बशा आत गेल्या होत्या, वाडग्याच्या तळाशी चिवड्यातले शेंगदाणे तेवढे उरले होते आणि दाराशी चपलांची शोधाशोध चालली होती. आमच्या वाचकगटातल्या सगळ्यांत वयस्क आजी त्या संध्याकाळी एक अक्षरही बोलल्या नव्हत्या. भिंतीला हात टेकून त्यांनी एक चप्पल पायात सरकवली आणि दुसरी शोधता शोधता म्हणाल्या, "मला बाई पहिल्याच प्रकरणात कळलं होतं. घरात एवढी माणसं जमलीत, सगळ्यांना ती चहा देते. तिला कुणी विचारला का?" एवढं बोलून त्या नातवाचा हात धरून लिफ्टकडे गेल्या. त्याच कादंबरीवर इतका वेळ तावातावाने बोलणारे आम्ही सगळे उंबऱ्याच्या आत-बाहेर तसेच उभे राहिलो. घरी आल्यावर मी दिवा लावून आधी पुस्तकच काढलं. पहिलं प्रकरण. कप कमी पडतात म्हणून दोघांना स्टीलच्या पेल्यातून चहा जातो, एकाला बिनसाखरेचा, लहान पोराला बशीत गार करून. शेवटी ती गाळणं धुऊन पालथं घालते. तिच्या चहाचा उल्लेख नाही. लेखकाने तो विसरून गाळला असेल असं मला वाटत नाही, कारण त्याच पानावर पेल्याच्या काठाचा चटका ओठाला बसल्याचंसुद्धा त्याने लिहिलं आहे.

कादंबरीचं नाव मी इथे लिहिणार नाही. खुनी कोण हे सांगितल्याशिवाय मला जे म्हणायचं आहे ते म्हणता येत नाही, आणि नाव लिहिलं तर कुणाच्या तरी चार रात्रींचा आनंद मी हिरावून घेईन. गोष्ट एका तालुक्याच्या गावातली. अप्पा वारलेत, वय झालं होतं, मरण नैसर्गिक. दिवस करायला तीन मुलगे, सुना, नातवंडं वाड्यात जमली आहेत. घरात कायमची राहणारी एकटी थोरली बहीण. नवऱ्याने टाकलं म्हणून तरुणपणीच माहेरी परत आली, तेव्हापासून स्वयंपाकघर तिचं आणि शेवटची काही वर्षं अप्पांचं अंथरूणही तिचंच. बाराव्याच्या रात्री उशिरापर्यंत कागदपत्रांवरून बोलाचाली होतात आणि तेराव्याच्या पहाटे थोरला भाऊ माजघरात मेलेला सापडतो. गोडाच्या जेवणाची डाळ भिजत घातलेली तशीच राहते. पुढची दोनशे पानं पोलीस, शेजारी आणि घरातली माणसं एकमेकांकडे बघत राहतात. खून बहिणीने केलेला असतो.

"शेवट पटला नाही." त्या संध्याकाळी हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं की ते कुणी आधी म्हटलं हेच आठवत नाही. मला स्वतःला शेवट पटला होता. मात्र का पटला ते तिथे नीट सांगता येत नव्हतं, आणि माझा आवाज उगाच चढत होता.

अर्थात आम्ही नाशिककर. शेवटापर्यंत पोचायच्या आधी बराच वेळ रामकुंडावर अडकलो. मंडळी अप्पांच्या अस्थी घेऊन नाशिकला येतात, ते प्रकरण तसं सुंदर आहे. ओल्या पायऱ्या, गुरुजींची दक्षिणेची घाई, पळसाच्या पानावरचं पीठ, आणि घाटावरचा तो वास, ज्यात फुलं, उदबत्ती, शेवाळ आणि तळलेली भजी सगळं एकत्र असतं. पण विसर्जन आटोपल्यावर धाकटा भाऊ तिथून "चालत स्टेशनवर" जातो! बँकेतून निवृत्त झालेले काका या वाक्यावर मनापासून चिडले होते. रामकुंडापासून नाशिकरोडचं स्टेशन नऊ-दहा किलोमीटर. ज्याची गाडी तासाभरात सुटणार आहे तो माणूस चालत कसा निघेल? आणि त्या एका तासाच्या हिशेबावर तर पुढे त्याच्यावरचा संशय उभा आहे. दुसरा आक्षेप एका ताईंचा होता आणि तो मला जास्त खोल वाटला. कादंबरीत गोदावरीला पूर आहे, गढूळ पाण्याचं वर्णन आहे, आणि घाटावरचा एकही माणूस पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं हे विचारत नाही. गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला लागलं. पूर म्हटला की आमच्याकडे आधी एवढंच बोलतात. लेखक नाशिकला येऊन गेला असेल, पण पावसाळ्यात आला नसणार.

मग संशयितांकडे वळलो, आणि तिथे मला माणसं दिसायला लागली. गटातल्या बहुतेकांना शेवटपर्यंत पुण्याची धाकटी सूनच खुनी वाटत होती. ती मोबाईल उलटा ठेवते, दुपारी झोपते, सासरच्या माणसांत मोजकं बोलते. निफाडकडच्या एकांचा संशय धाकट्या भावावर, कारण अवकाळीत त्याची द्राक्षं गेलीत आणि सोसायटीचं कर्ज थकलं आहे. ते म्हणाले, "कर्जबाजारी माणसाची झोप मला माहीत आहे," आणि पुढे काही बोलले नाहीत. एका तरुण मुलीने वाड्यातल्या गड्यावर पैज लावली होती, पण तो अगदीच गरीब निघाला म्हणून तिला आता वाईट वाटत होतं. माझ्याकडची प्रत सार्वजनिक वाचनालयाची होती. १८४० पासूनचं हे वाचनालय, तिथल्या पुस्तकांत आपल्याआधीच्या वाचकांची सोबत बहुधा असतेच. या प्रतीतही कुणीतरी पेन्सिलीने बारीक रेघा मारल्या होत्या. पुण्याच्या सुनेच्या उलट्या ठेवलेल्या फोनखाली रेघ. धाकट्याच्या "बघून घेईन" खाली दुहेरी रेघ. गड्याच्या रात्रीच्या खोकल्यापुढे प्रश्नचिन्ह. आजींचं बोलणं ऐकून आल्यावर मी ती प्रत पुन्हा पहिल्यापासून चाळली. बहीण जवळजवळ प्रत्येक प्रकरणात आहे. किल्ल्या तिच्या कमरेला आहेत, दूध ती तापवते, अप्पांच्या औषधांचा डबा तिच्याखेरीज कुणाला उघडता येत नाही. तिच्या एकाही वाक्याखाली पेन्सिल टेकलेली नाही.

घरच्यांनी तिच्याकडे जसं पाहिलं नाही, तसंच वाचणाऱ्यांनीही पाहिलं नाही.

१९२९ साली रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज कॅथलिक धर्मगुरूने रहस्यकथेसाठी दहा नियम लिहिले. तो स्वतः अशा कथा लिहायचा. त्यातला पहिला नियम असा की गुन्हेगार कथेच्या सुरुवातीलाच वाचकाला भेटलेला असला पाहिजे, मात्र त्याच्या मनात चाललेलं वाचकाला आधीपासून कळत असता कामा नये. वाचकाची फसवणूक होऊ नये म्हणून हा नियम. आमच्या कादंबरीने तो काटेकोर पाळला आहे. बहीण पहिल्या पानावर आहे, आणि तिच्या मनात काय आहे ते आपल्याला एकदाही कळत नाही. गंमत करायची म्हणून लेखकाने हे लपवलं असं मात्र वाटत नाही. घरातल्या कुणी तिला कधी विचारलंच नाही, म्हणून ते आपल्यापर्यंत पोचत नाही. हे वाचताना मला आमच्या तिळभांडेश्वर गल्लीजवळच्या वाड्यातल्या उन्हाळी दुपारी आठवल्या. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथा आहेत, आणि त्यातल्या मिळतील तेवढ्या माझे वडील आणि काका आळीपाळीने वाचत. त्या पातळ पुस्तकांच्या पिवळट कागदाला एक आंबूस वास यायचा. माझ्या हाती जी लागली त्यांत गुन्हा घराबाहेर घडायचा. मोटारी, पिस्तुलं, मध्यरात्रीची मुंबई. चोर बाहेरून यायचा आणि वाड्याच्या दिंडीला अडसर घातला की आम्ही सुरक्षित. याच वाड्यात कुणी कुणाच्या जिवावर उठेल, तेही दूध तापवणाऱ्या हाताने, ही कल्पना त्या दुपारी मला शिवलीसुद्धा नसती. मागच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या आमच्या एका आत्याला कुठली रहस्यकथा आवडते, तिला वाचायला वेळ तरी मिळतो का, हे तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही.

"पण बाई असं करेल? आणि तीही अशी बाई?" हा प्रश्न गटात एका पुरुषाने विचारला आणि दोघी बायकांनी मान हलवली. त्या वेळी आम्ही बसलो होतो तिथून आनंदवली हाकेच्या अंतरावर. राघोबादादांचा मुक्काम असलेलं हे ठिकाण, आणि आनंदीबाईंवरून त्याला हे नाव पडलं असं सांगतात. तिथल्या नवश्या गणपतीला त्या दोघांनी मुलासाठी नवस बोलला, ही गोष्ट नाशिकच्या पोरांना चतुर्थीच्या रांगेतच ऐकायला मिळते. मराठी माणसाला ठाऊक असलेला घरातला सर्वांत मोठा खून ३० ऑगस्ट १७७३ चा. शनिवारवाड्यात, गणपतीच्या दिवसांत, अठरा वर्षांचे नारायणराव. रामशास्त्र्यांनी दोषी ठरवलं ते राघोबादादांना. तरी आपल्या तोंडी बसलं ते "ध चा मा", आणि त्यासोबत आनंदीबाईंचं नाव. आनंदीबाईंनी कागदावरचं अक्षर बदललं ही कथा इतिहासकार सिद्ध झालेली मानत नाहीत. पण कथेला पुरावा लागला नाही. सत्तेची हाव असलेली, नवऱ्याला सल्ला देणारी, बोलणारी बाई होती, तेवढं पुरलं. म्हणजे बाई खून करू शकते हे मानायला आपली हरकत नव्हतीच कधी. बोलणाऱ्या बाईवर आपण अडीचशे वर्षं विश्वासाने आळ ठेवतो आणि राबणारी बाई पुराव्यासकट समोर आली तर म्हणतो, शेवट पटला नाही. त्या पुण्याच्या सुनेवरचा संशय मला इथेच उमगला. तिचा गुन्हा एवढाच की ती दुपारी झोपते.

कारणाबद्दलही बरंच बोलणं झालं. "एवढ्याशा गोष्टीसाठी?" असं काही जण म्हणाले. ती एवढीशी गोष्ट म्हणजे हक्कसोड पत्र. थोरला भाऊ बाराव्याच्या रात्री बहिणीपुढे कागद ठेवतो आणि सोबत आणलेला वकील समजावून सांगतो, की ताई, तुमचं लग्न ९४ च्या आधीचं, तुमचा तसा हक्क बसत नाही, ही फक्त औपचारिकता. आमच्या गटातली कायद्याचं शिकणारी मुलगी इथे सरसावून बसली. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने हक्क दिला, आणि २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं, इथपर्यंत वकील खरं बोलतो. पण २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने लग्न झालेल्या मुलींनाही तो हक्क मिळाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हा हक्क जन्मानेच येतो. वडील २००५ साली हयात असोत वा नसोत. वकिलाने अर्धाच कायदा सांगितला. आणि हक्क बसतच नसेल तर सही कशाला हवी? बहिणीने हा प्रश्न कादंबरीत कुणालाच विचारलेला नाही. पण ती त्या रात्री चष्मा पुसून कागद दोनदा वाचते, आणि घरात कुणालाच माहीत नसतं की ती अप्पांना रोज पेपर वाचून दाखवत होती, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.

माझ्या आईने तिच्या भावांना हक्कसोड करून दिलं तेव्हा मी कॉलेजात होते. आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर वारसनोंदीत तिन्ही बहिणींची नावं लागली होती. आईने त्या दिवशी लग्नकार्यातली निळी साडी नेसली. निबंधक कार्यालयाच्या बाहेर मामाने सगळ्यांना उसाचा रस पाजला. तिला उत्तम लिहिता येत होतं, मोत्यासारखं अक्षर होतं, तरी नोंदणीत सहीबरोबर अंगठाही घेतात, म्हणून तिच्या अंगठ्यावर शाई होती. संध्याकाळी ती कणीक मळायला बसली तेव्हा ती शाई निघाली नव्हती. दुसऱ्या हाताने मळत होती. मी विचारलं, वाईट वाटलं का गं? तर म्हणाली, "माहेरचा उंबरा मोकळा राहिला पाहिजे." मामा वाईट माणूस नाही. दर फाल्गुनात त्याच्याकडून द्राक्षांची पेटी येते, आई आजारी पडली तेव्हा तो दवाखान्याच्या बाकावर रात्रभर बसून होता. ती जमीन आता रस्त्याला लागून आहे आणि तिचा भाव मला ऐकवत नाही. आई त्या दिवशी खूश होती की तिने खूश दिसायचं ठरवलं होतं, हे मला आजतागायत समजलेलं नाही. तिला अर्धा कायदा कुणी सांगितला नव्हता, एवढं मात्र खरं. मामाने सरळ मागितलं होतं. कादंबरीतल्या बहिणीकडे कुणी सरळ मागितलं असतं तर तिनेही दिलं असतं असं मला पक्कं वाटतं, आणि म्हणूनच तिचं कारण मला एवढंसं वाटत नाही.

तरीही मी तिच्या बाजूची आहे असं म्हणताना अडखळते. मेलेल्या भावाला एक सात-आठ वर्षांची मुलगी आहे. आत्या तिची वेणी घालते, त्या पोरीला आत्याच्याच हातची वेणी आवडते, आणि खुनाच्या दुसऱ्या दिवशीही आत्या तिची वेणी तितक्याच सावकाश घालते. ते पान वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. आमच्यातल्या नर्सताई म्हणाल्या की औषधांचा तो प्रकार अगदी शक्य आहे. ज्याने वर्षानुवर्षं एखाद्याला गोळ्या दिल्या त्याला कुठली गोळी किती झाली की काय होतं हे डॉक्टरांच्या बरोबरीने ठाऊक असतं, कारण तेवढं होऊ नये म्हणून तो रोज घड्याळाकडे बघत असतो. मग त्या थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, "पण ज्या हाताने मोजून दिल्या त्या हाताने जास्त द्यायच्या, हे मला जमणार नाही हो. कुणाहीसाठी." कादंबरीवरच्या सगळ्या मतांत मला हे सर्वांत प्रामाणिक वाटलं. त्यांनाही शेवट पटला नव्हता, पण त्यांचं न पटणं वेगळं होतं. त्यांनी बहिणीला पाहिलं होतं, अगदी जवळून पाहिलं होतं, आणि मग नाही म्हटलं होतं.

एका जागेवर मात्र सगळा गट एक झाला. दहाव्याला नदीवर पिंड ठेवलेत आणि कावळा शिवत नाही. थोरला म्हणतो, अप्पा, वाडा सांभाळीन. धाकटा म्हणतो, अप्पा, कर्ज फेडीन. मधला रडतो. कावळे समोरच्या बाभळीवर बसलेत, उतरत नाहीत. ऊन चढतं, गुरुजी दर्भाच्या कावळ्याची भाषा सुरू करतात. पायऱ्यांवर मागे उभ्या बहिणीला कुणीतरी पुढे ढकलतं, ती वाकून काहीतरी पुटपुटते, आणि एक कावळा खाली येतो. ती काय म्हणाली हे कादंबरी शेवटपर्यंत सांगत नाही. "माफ करा" म्हणाली असेल, "मी नाही सोडणार" म्हणाली असेल, की नुसतं "जा आता, दमलात" म्हणाली? दहाव्याला खून अजून व्हायचा होता, कागद अजून पुढे यायचा होता, तेव्हा तिच्या मनात काही नसणारच, असं काकांचं म्हणणं. मी काकांशी सहमत नाही. वकील गावात आदल्याच दिवशी आला होता आणि चहा त्यालाही तिनेच दिला होता. पण ती काय म्हणाली ते न सांगितल्याबद्दल मी लेखकाची ऋणी आहे. बाप-लेकीतली एक गोष्ट तरी पोलिसांच्या पंचनाम्याबाहेर राहिली.

माझी तक्रार आहे ती शेवटच्या प्रकरणाबद्दल. खुनाचा सगळा उलगडा तिथे निरीक्षक करतो. खुर्चीत बसून, भावांना समोर बसवून, क्रमवार: औषधाचा डबा असा, दूध असं, कागद असा. ती त्याच खोलीत दाराशी उभी आहे आणि तिच्या आयुष्यातली एकमेव मोठी गोष्ट दुसराच माणूस तिच्यासमोर सांगतो आहे. मधल्या सुनेने विचारलेल्या एका प्रश्नाला ती "हो" म्हणते, तेवढंच. इतकी वर्षं तिला न विचारणाऱ्या घराची गोष्ट लिहिणाऱ्या लेखकाने तरी शेवटी तिला विचारायला हवं होतं. कदाचित "शेवट पटला नाही" या म्हणण्याचा थोडासा भाग इथून येत असेल, कारण तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय ती पटणार कशी?

गटाने प्रकाशकांच्या पत्त्यावर लेखकाला पत्र लिहायचं ठरवलं आहे. मसुदा काकांकडे आहे. पहिला मुद्दा रामकुंड ते स्टेशन या अंतराचा, दुसरा दुतोंड्या मारुतीचा, तिसरा वकिलाच्या अर्ध्या कायद्याबद्दल कौतुकाचा, कारण कायद्याच्या मुलीने तेवढं घातल्याशिवाय सही करणार नाही असं बजावलंय. चौथा मुद्दा मी लिहून दिला आहे: पुढच्या आवृत्तीत एक प्रकरण वाढवा, निरीक्षक बोलून निघून गेल्यानंतरचं, आणि ते तिला बोलू द्या. आजींना फोन करून विचारलं, तुमचं काही घालायचं आहे का? त्या म्हणाल्या, माझं नाव घाला, बाकी तू लिहिलंयस ते बरोबर आहे, फक्त "एक प्रकरण" ऐवजी "मोठं प्रकरण" कर.